उजनीच्या पाण्याखालचे शिवार

उजनी जलाशयाचा तळ म्हणजे इंदापूर, करमाळा आणि दौंड तालुक्यांतल्या जुन्या गावांचे शिवार. भीमेवरच्या या धरणाचे काम १९६९च्या सुमारास सुरू झाले, १९८० मध्ये पुरे झाले, आणि नदीकाठची काळी राने, विहिरी, पाणंदी, गावठाणे पाण्याखाली गेली. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात आहे. फुगवटा मात्र इंदापूर तालुक्याच्या कडेकडेने वर दौंडच्या दिशेने पसरतो. यशवंतसागर हे जलाशयाचे कागदावरचे नाव. बोलताना सगळे उजनीच म्हणतात. उन्हाळ्यात पाणी फारच उतरले की जुन्या पळसदेवातले पळसनाथाचे देऊळ उघडे पडते, बघ्यांची रीघ लागते, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. देवळाच्या पायाशी पसरलेल्या चिखलाकडे सहसा कोणी बघत नाही. त्या चिखलात काय राहते आणि माणसाच्या उद्योगांनी त्याचे काय होते, हा प्रश्न समुद्रतळाचे अभ्यासक जगभर विचारत आले आहेत. समुद्रापासून दूर असलेल्या या गोड्या पाण्यालाही तो तितकाच लागू पडतो.

उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट. त्यातले ५४ टीएमसीच्या आसपास उपयुक्त, बाकीचे ६३ टीएमसीहून थोडे जास्त मृत साठ्यात. धरण भरले की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटरवर असते आणि मृत साठा ४९१.०३ मीटरवर सुरू होतो. कालव्यांची आवर्तने आणि त्यांच्यावरून होणारी भांडणे या मधल्या पावणेसहा मीटरच्या थरावर चालतात. पाण्याचा पसारा मात्र भरल्या धरणात तीनशे चौरस किलोमीटरहून मोठा आहे. साठ्याला पसाऱ्याने भागले तर सरासरी खोली दहा मीटरच्या आसपास निघते. कोयनेसारख्या डोंगराच्या घळीत कोंडलेल्या पाण्याशी याची तुलना होत नाही. उजनी ही परात आहे. परातीतले पाणी बोटभर उतरले तरी कड चांगलीच उघडी पडते, आणि वारा सुटला की उथळ भागातला गाळ ढवळून वर येतो. पुढे येणाऱ्या बहुतेक गोष्टींचे मूळ या उथळपणात आहे.

हा तळ सगळीकडे सारखा नाही. मधून भीमेचे जुने पात्र जाते. तिथे वाळू, गोटे आणि बेसॉल्टच्या खडकात कोरलेले डोह आहेत. दोन्ही अंगांना पूर्वीची काळी जमीन आहे, ती पाणी पिऊन घट्ट झालेली. या दोन्हींवर गेल्या चार-साडेचार दशकांत साचलेला नवा गाळ आहे. नदी जलाशयात शिरते तिथे तिचा वेग एकदम मोडतो, म्हणून जड वाळू फुगवट्याच्या वरच्या टोकाला पडते. हलका, मऊ, सेंद्रिय गाळ तरंगत पुढे जातो आणि भिंतीकडच्या खोल पाण्यात बसतो. वाळूला वेगळे जीव लागतात, चिखलाला वेगळे.

काठाजवळच्या गुडघाभर पाण्यातला ओंजळभर चिखल चाळणीत धुतला तर आधी हाताला लागतात शंखाच्या गोगलगायी: काही बोराएवढ्या, काही गव्हाच्या दाण्याएवढ्या उंच निमुळत्या. मग एखादा काळपट हिरवा शिंपला, मिटलेला. चाळणीच्या जाळीवर रक्तासारख्या लाल, वळवळणाऱ्या, सेंटिमीटरभर लांबीच्या अळ्या राहतात. त्या डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माशीच्या अळ्या आहेत. त्यांच्या अंगात आपल्या रक्तातल्यासारखे हिमोग्लोबिन असते, त्यामुळे प्राणवायू जवळजवळ संपलेल्या चिखलातही त्या तग धरतात. त्यांच्याच जोडीला केसाएवढे बारीक गांडूळवर्गीय किडे असतात, मत्स्यपेटीवाल्यांच्या दुकानात ट्युबिफेक्स म्हणून मिळतात ते. डोके चिखलात खुपसून शेपटी पाण्यात हलवत ते श्वास घेतात.

ही मंडळी तळावर नुसती पडून नसतात. अळ्या आणि किडे चिखलात बारीक बिळे करतात. बिळांतून पाणी खेळते आणि वरचा बोटभर थर हवेशीर राहतो. वरून पडणारी मेलेली शेवाळे, पाने, विष्ठा ते खातात. शिंपला दिवसाकाठी कित्येक लिटर पाणी कल्ल्यांतून गाळतो आणि त्यातले सूक्ष्म कण बाजूला काढतो. याच शिंपल्याचे बालपण मोठे मासलेवाईक आहे. त्याची पिल्ले काही दिवस माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून राहतात, माशाबरोबर फिरतात आणि मग गळून तळावर बसतात. म्हणजे नदीतले जुने मासे संपले की शिंपल्यांची नवी पिढीही थांबते. जुने शिंपले मात्र वर्षानुवर्षे जगत राहतात आणि सगळे ठीक असल्याचा भास टिकतो.

भिगवण, कुंभारगाव, डाळज या गावांच्या काठाला हिवाळ्यात पक्षी बघायला गर्दी लोटते. तिथे दिसणाऱ्या पक्ष्यांपैकी पुष्कळांचे ताट या तळावर वाढलेले असते. मुग्धबलाक हा करकोचा याचे उत्तम उदाहरण. त्याची चोच मिटली तरी मधे फट राहते. पिलाच्या चोचीला ती नसते, वयाबरोबर येते. ही चोच गोगलगाय आणि शिंपले धरण्यासाठी घडलेली आहे. चमचा पक्षी चपटी चोच चिखलपाण्यात डावी-उजवीकडे फिरवतो. रोहित तर डोके उलटे करून चोच तळाशी नेतो, पायांनी चिखल तुडवतो आणि जिभेच्या पंपाने पाणी आत-बाहेर करत अळ्या, बारीक गोगलगायी आणि बिया गाळून घेतो. त्याला हवे असते फार तर मांडीभर पाणी. धरण शंभर टक्के भरलेले असताना त्याच्या पायाला तळ लागत नाही. पाणी उतरू लागले की त्याचा हंगाम सुरू होतो. पर्यटकाला गुलाबी थवा दिसतो. त्या थव्याची भाकरी पाण्याखाली असते.

पाणी उतरणे ही उजनीतली सगळ्यांत मोठी मानवी ढवळाढवळ आहे, आणि ती इतकी सवयीची झाली आहे की ढवळाढवळ वाटतच नाही. नैसर्गिक तळ्यातही उन्हाळ्यात पाणी आटते. पण इथे किती आणि किती वेगाने उतरायचे हे बरेचसे आवर्तनांवर ठरते. कालव्यांना पाणी, सोलापूरच्या पिण्याला नदीतून पाणी, आणि दोन्ही काठांवर उसासाठी चालणाऱ्या विद्युतपंपांच्या रांगा. पाणी मागे गेले की शेतकरी मोटारी पुढे सरकवतात, पाइप जोडतात, आणि तेही पुरेनासे झाले की उघड्या तळात चाऱ्या खोदून पाणी मोटारीपर्यंत आणतात. मृत साठ्यातलेही पाणी असे उचलले जाते. म्हणून उजनीची टक्केवारी उणे होते. २०२३च्या पावसाळ्यात धरण पूर्ण भरलेच नव्हते. २०२४च्या उन्हाळ्याअखेर साठा उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेला. याचा अर्थ मृत साठ्याच्या रेषेखालचे आणखी ३२ टीएमसी पाणी गेले होते आणि ११७ टीएमसीच्या भांड्यात त्याचा साधारण चौथा हिस्सा उरला होता. त्याच वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला धरण भरलेही.

एवढ्या चढ-उताराला तळावरचे सगळेच जीव पुरे पडत नाहीत. उतरत्या पाण्यामागे शिंपले सरकत जातात. मऊ चिखलावर त्यांच्या वाटेच्या बोटभर रुंद रेघा उमटलेल्या दिसतात, आणि बऱ्याच रेघांच्या टोकाला उघडा, वाळलेला शिंपला असतो. पाणी आठवड्याला इंचभर उतरले तर तो पोहोचतो, रोज तेवढे उतरले तर मागे पडतो. लाल अळ्यांचे तसे नाही. त्यांची पिढी काही आठवड्यांची आणि माशी उडणारी. पाणी परतले की महिन्याभरात चिखल पुन्हा भरतो. वर्षानुवर्षे असे चालले की तळावरचा समाज बदलतो. सावकाश वाढणारे, दीर्घायुषी, पाणी गाळणारे जीव कमी होतात आणि झटपट पिढ्या काढणारे उरतात.

उघड्या पडलेल्या या जमिनीला इकडे गाळपेर म्हणतात. प्रकल्पात जमीन गेलेल्या शेतकऱ्यांना ती हंगामापुरती कसायला देण्याची पद्धत आहे आणि २०१८-१९च्या दुष्काळात चारापिकांसाठी अशा जमिनी नाममात्र भाड्याने देण्यात आल्या. ज्याचे शिवार पाण्यात गेले त्याने वर्षातले चार महिने त्याच शिवारात पेरावे, यात न्याय आहे. तळाच्या बाजूने पाहिले तर मात्र नांगर, खत आणि तणनाशक हे सगळे थेट जलाशयाच्या पोटात पडते आणि जुलैत पाण्याखाली जाते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

दुसरी मोठी गोष्ट वरून येते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा, मुठा, पवना आणि इंद्रायणीतून भीमेत येते. मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. पावसाळ्यात इंदापूरकर बंडगार्डनचा विसर्ग आणि दौंडचा विसर्ग किती क्युसेक, याच्या बातमीवर डोळे लावून बसतो. जानेवारीनंतर याच वाटेने जे येते त्याला बातमीत आकडा नसतो. पुण्याच्या मुळा-मुठेसाठी केंद्राने मंजूर केलेल्या ९९०.२६ कोटी रुपयांच्या प्रकल्पाला जपानी कर्जाचे पाठबळ आहे. त्याचा करार २०१६ मध्ये झाला: अकरा नवी केंद्रे, दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर सांडपाण्यावर प्रक्रिया. पुढची अनेक वर्षे निविदा, जागा आणि बांधकाम यांतच गेली. शहर तोवर थांबून राहिले नाही.

सांडपाण्याची ही शिदोरी उजनीत पोहोचली की दोन टप्प्यांत काम करते. पहिल्या टप्प्यात त्यातले नत्र आणि स्फुरद शेवाळाचे खत होते. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवा तवंग येतो, काठाला रंग ओतल्यासारखी साय धरते आणि वास सुटतो. दौंडपासून खाली जलपर्णीचे गालिचे साचतात ते याच खतावर. दुसरा टप्पा दिसत नाही. शेवाळ आणि जलपर्णी मेली की बुडते, तळावर कुजते, आणि कुजवणारे जिवाणू तळालगतचा प्राणवायू संपवतात. उथळ भागात वारा पाणी ढवळत असल्याने थोडी भरपाई होते. भिंतीकडच्या खोल भागात उन्हाळ्यात वरचे कोमट आणि खालचे थंड पाणी एकमेकांत मिसळेनासे झाले की खालचा थर गुदमरतो. आधी शिंपले मरतात, मग गोगलगायी. शेवटी लाल अळ्या आणि ट्युबिफेक्स एवढेच राहतात. चिखल काळा पडतो आणि त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो.

इथे तळाची एक खोड लक्षात घ्यावी लागते. गाळात लोह असते आणि प्राणवायू असेपर्यंत हे लोह स्फुरदाला धरून ठेवते. प्राणवायू संपला की पकड सुटते आणि साठवलेले स्फुरद पुन्हा पाण्यात येते. म्हणजे उद्या सांडपाण्याचा शेवटचा थेंबही शुद्ध होऊन आला, तरी चार दशकांची उधारी तळातून वर येत राहील. युरोप-अमेरिकेतल्या अनेक तळ्यांचा अनुभव असाच आहे: नाला बंद झाल्यावरही पाणी हिरवे राहणे लवकर थांबले नाही. नवी केंद्रे सुरू झाल्यावर दोन वर्षांत उजनी निवळेल अशी अपेक्षा धरणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

समुद्रातही हेच घडते, फक्त माप मोठे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवून दिले की भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात पावसाळ्याअखेर तळाजवळचा प्राणवायू संपतो, आणि हा नैसर्गिक प्रकार किनाऱ्यावरून येणाऱ्या नत्रामुळे तीव्र होत असावा. भीमा मात्र त्या समुद्राला मिळत नाही. भीमाशंकरला, कोकणच्या कड्यावर उगम पावून ती उलटी फिरते, कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराला जाते. पुण्याचा गाळ तिथवर पोहोचत नाही याचे कारण उजनी. तो इथेच बसतो.

वाळूचा धंदा तळाला सरळ हात घालतो. फुगवट्याच्या वरच्या टोकाला साचणारी वाळू बांधकामाला उत्तम, आणि पुणे जवळ. बोटीवर डिझेलचे इंजिन बसवून सक्शन पंपाने तळातली वाळू पाण्यासकट ओढायची, वाळू काठावर टाकायची, पाणी परत सोडायचे. वाळू ब्रासवर मोजली जाते, ब्रास म्हणजे शंभर घनफूट. या शंभर घनफुटांबरोबर तिच्यातले शिंपले, अळ्या आणि माशांची अंडी किती गेली, याचे माप नाही. वाळूच्या कणांमधून पाणी खेळते, म्हणून ती तळाची सर्वांत हवेशीर जागा असते. ती उपसल्यावर राहिलेल्या खड्ड्यात बारीक गाळ भरतो, आणि पूर्वी वाळू होती तिथे चिखलाची डबकी तयार होतात. गढूळ झालेल्या पाण्यातला बारीक गाळ आजूबाजूच्या शिंपल्यांच्या कल्ल्यांत भरतो, ते वेगळेच.

कायदा या बाबतीत कमी पडलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दीपक कुमार प्रकरणात लहान वाळूपट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी सक्तीची केली. २०२३ मध्ये राज्य सरकारने लिलाव थांबवून सरकारी डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू द्यायचे धोरण आणले. बेकायदा उपसा त्याआधीही होता आणि नंतरही राहिला. इंदापूर-दौंडात महसूल आणि पोलीस खाते छापे घालते, सापडलेल्या बोटी काठावर आणता आल्या नाहीत तर जागच्या जागी बुडवते किंवा जिलेटिनने उडवते. कारवाई धडाक्याची असते. फक्त फायबरचे तुकडे, इंजिन आणि डिझेल शेवटी जातात त्याच तळाला, ज्याच्यासाठी ही कारवाई.

मासेमारीत तळाची कथा जरा गुंतागुंतीची आहे, कारण इथले मासे स्वतःच तळ बदलतात. मत्स्यबोटुकली सोडताना कटला, रोहू आणि मृगळ अशी जोडणी करतात. कटला वरचे खातो, रोहू मधले, मृगळ तळातले. घराचे तीन मजले तिघांना वाटून दिल्यासारखी ही विभागणी आहे. उजनीत मात्र भिगवणच्या बाजारात ढिगाने दिसते ती चिलापी. तिलापिया या आफ्रिकी माशाची मोझांबिक जात भारतात १९५२ मध्ये आणली गेली. चिलापीचा नर तळावर शेपटीने आणि तोंडाने बशीसारखा खळगा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि मग ती तोंडात घेऊन सांभाळते. पाणी उतरले की काठच्या चिखलावर हे खळगे एकाला एक लागून दिसतात, जणू कोणी तळावर थाळ्या दाबून उमटवल्या आहेत. खळगा उघडा पडला तरी मादी पिल्ले तोंडात घेऊन खोल पाण्यात निघून जाते. तळाला अंडी चिकटवून ठेवणाऱ्या देशी माशांना ही सोय नाही. चढ-उताराच्या पाण्यात चिलापी का टिकते आणि देशी मासे का मागे पडतात, याचे बरेचसे उत्तर या एका सवयीत आहे.

अलीकडे सकर माशाचीही भर पडली आहे. दक्षिण अमेरिकेतला हा चिलखती मासा मत्स्यपेट्यांतून सुटून नद्यांत आला. तो तळ चाटत फिरतो, अंडी खातो, काठात बिळे करतो आणि त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात. बाजारात त्याला किंमत नाही. जाळ्यातून काढून काठावर फेकलेले सकर मासे हे उजनीच्या काठाचे आता नेहमीचे दृश्य झाले आहे.

बारीक आसाच्या जाळ्यांनी, म्हणजे वडापसारख्या पद्धतींनी, बोटाएवढी पिल्ले काढणे ही स्थानिक भोई आणि इतर मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. या भांडणाला कोकणातल्या भांडणाचा सूर आहे. तिथे यांत्रिक ट्रॉलर तळ खरवडत जाळे ओढतात, वजनदार फळ्यांनी चिखल नांगरला जातो, आणि पारंपरिक रापणवाला किनाऱ्यावर हात चोळत बसतो. त्यासाठी १९८१चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम आहे, २०२१ मध्ये तो कडक करण्यात आला, आणि जून-जुलैचे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्र बंद असतो. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. समुद्राच्या तळाला निदान कागदावर कोणी वाली आहे.

तळाशी घाण साठून पाणी गुदमरण्याची गोष्ट बारामतीकडे लहान मापात घडते. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि त्याने दुष्काळी पट्ट्यात ऊस आणला. पाठोपाठ जमिनी चिबडल्या, खारावल्या. हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवरचा अहवाल १९१० मध्येच प्रसिद्ध केला होता. त्या जमिनींचा निचरा चरांवाटे नदीत येतो. नीरेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की त्यांना ढापे टाकतात आणि वाहती नदी तळ्यांची माळ होते. साखर आणि मद्यार्काच्या उद्योगांचे, गावांचे आणि शेतांचे जे काही नदीत येते ते या तळ्यांच्या बुडाशी आठ महिने बसून राहते. पावसाच्या पहिल्या लोंढ्याने ते काळे बूड एकदम उसळते, पाण्यातला प्राणवायू काही तासांत शोषून घेते आणि मेलेले मासे वर येतात. आदल्या दिवशी कोणी काय सोडले याची चौकशी अशा वेळी व्हायलाच हवी. पण पुष्कळदा विष आठ महिने तिथेच साठलेले असते. बारामती शहरातून जाणारी आणि सोनगावजवळ नीरेला मिळणारी कऱ्हा वर्षाचा बराच काळ कोरडी असते. तिच्यात जे वाहते ते गावाचेच. पुढे नीरा-नृसिंहपूरला नीरा भीमेला मिळते, म्हणजे उजनीच्या भिंतीखाली. त्यामुळे नीरेचा गाळ उजनीच्या वाट्याला येत नाही, पंढरपूरकडे जातो.

उजनीच्या तळाचे व्यवस्थापन कोण करते, या प्रश्नाचे सरळ उत्तर नाही. पाणी जलसंपदा विभागाचे, वाळू महसूल खात्याची, मासे मत्स्यव्यवसाय विभागाचे, पक्षी वन खात्याचे, पाण्याची प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि सांडपाणी महापालिकांचे. प्रत्येकाचे माप निराळे: टीएमसी, ब्रास, टन, पक्ष्यांची डोकी. तळ यांतल्या कोणाच्याच मापात बसत नाही. २०१७च्या पाणथळ जागा नियमांनी तर सिंचनासाठी आणि पिण्यासाठी खास बांधलेले जलसाठे व्याख्येतूनच वगळले. नाशिक जिल्ह्यातले नांदूर मधमेश्वर हाही बंधाऱ्याचाच फुगवटा; तो अभयारण्य होता म्हणून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. उजनीला तसा आधार नाही. नदीकाठच्या उद्योगांना अंतराची मर्यादा घालणारे राज्याचे नदी नियमन क्षेत्र धोरण होते, तेही २०१५ मध्ये रद्द झाले.

मोठ्या धरणांतला गाळ आणि वाळू काढण्याच्या राज्याच्या योजनेत उजनीचे नाव आहे. साठवण वाढेल, वाळूचे पैसे येतील, सुपीक गाळ शेतात जाईल, असा त्यामागचा हिशेब. स्फुरदाने भरलेला वरचा थर निघाला तर तळाची उधारी खरोखरच कमी होईल. हा फायदा योजनेच्या समर्थकांनीही फारसा मांडलेला नाही. पण उपसा कुठे, किती खोल आणि कोणत्या महिन्यात, यावर सगळे अवलंबून आहे. उघड्या पडलेल्या कोरड्या काठावरून मे महिन्यात वरचा हातभर गाळ काढणे वेगळे आणि पाण्यात बार्ज घालून वर्षभर जुन्या पात्रातली वाळू ओढणे वेगळे. पहिल्याने तळ हलका होतो, दुसऱ्याने शिंपल्यांची शेवटची जागा जाते. उपसा न करण्याचे पट्टे आधी आखून मगच निविदा काढणे अवघड नाही. समुद्रातले वाळूउपशाचे परवाने अनेक देशांत तसेच दिले जातात.

यासाठी आधी तळावर काय आहे ते कळायला हवे, आणि ते कळायला फार यंत्रे लागत नाहीत. पाण्याच्या नमुन्यातून त्या दिवसाची प्रत कळते. तळातले जीव मागच्या कित्येक महिन्यांचा हिशेब सांगतात. म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नद्यांसाठी जीवांच्या कुळांवर आधारलेली गुणपद्धत बसवली आहे: कोणते कूळ सापडले त्यावर गुण, सगळ्यात घाणीत टिकणाऱ्या अळ्या-किड्यांना सर्वांत कमी. शाळेतल्या मुलांनाही शिकवता येईल इतकी ती सोपी आहे. उजनीसाठी दौंडकडचे टोक, भिगवण-कुंभारगावचा उथळ भाग, पळसदेवचा मधला भाग आणि भिंतीजवळचे खोल पाणी अशा चार जागा पुरतात. साहित्य म्हणून बारीक जाळीची चाळण, पांढरी थाळी, भिंग आणि खोल पाण्यातला चिखल उचलणारा चिमट्यासारखा डबा. चिखल चाळायचा, थाळीत पाणी घालून पसरायचा आणि मोजायचा: शिंपले किती, त्यांत या वर्षीचे नखाएवढे किती, गोगलगायी किती प्रकारच्या, लाल अळ्या किती. पहिला नमुना ऑक्टोबरात धरण भरलेले असताना बोटीतून घ्यायचा. शेवटचा मे महिन्यात. पाणी मृत साठ्याच्या खाली उतरले असेल तर पळसदेवच्या जागेवर त्या वेळी चालत जाता येते.